बदलते नियम आणि आपले दिव्यांग सायकलपटू
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक संमेलनात पाहुण्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक करावे आणि चार उपदेशाच्या गोष्टी सांगून खाली बसावे, असा प्रघात आहे. आज मी थोडी वेगळी वाट धरणार आहे. मी सायकलविषयी बोलणार आहे. ज्यांना एक पाय नाही, ज्यांच्या कमरेखाली शक्ती नाही, ज्यांचा तोल सांभाळला जात नाही किंवा ज्यांना दिसत नाही, अशा माणसांच्या सायकलविषयी. आणि त्याहूनही अधिक, त्या सायकलीवर बसणाऱ्या खेळाडूच्या डोक्यावर जे नियम, ज्या समित्या आणि जे कायदे असतात, त्यांच्याविषयी.

आपणांस वाटेल, शाळेच्या व्यासपीठावर या विषयाचे काय काम? काम आहे, आणि ते मी शेवटपर्यंत जाण्याआधीच आपल्या ध्यानात येईल अशी माझी खात्री आहे. कारण या खेळात मुलगा मागे पडतो तो पुष्कळदा पाय नसल्यामुळे नव्हे, तर कागद नसल्यामुळे. आणि कागद वाचणे, समजणे, वेळेवर भरणे हे शिकलेल्या माणसाचे काम आहे. म्हणजे ते आपले काम आहे.

प्रथम ही सायकल कशी असते ते पाहू. आपल्याकडे अपंगांची सायकल म्हटली की सरकारी शिबिरात मिळणारी हाताने चालवायची तीनचाकी डोळ्यांपुढे येते. कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीत अशा गाड्या तयार होतात. ही कंपनी १९७२ साली स्थापन झाली आणि १९७६ पासून तिचे उत्पादन सुरू झाले. १९८१ पासून केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेतून अशी साधने गरजूंना दिली जातात. या गाडीने हजारो माणसांना घराबाहेर आणले, तिचे उपकार मोठे आहेत. परंतु ती बाजारात, शाळेत, मशिदीत, दुकानात जाण्याची गाडी आहे. शर्यतीची नव्हे.

शर्यतीच्या सायकलींचे चार प्रकार आहेत आणि चार इंग्रजी अक्षरांनी ते ओळखले जातात. पहिला ‘सी’. यात साधी दोनचाकी सायकल असते, मात्र खेळाडूच्या हातापायाला जे वैगुण्य असेल त्याप्रमाणे तिच्यात फेरफार केलेले असतात. एक हात नसेल तर दोन्ही ब्रेक एकाच बाजूला आणतात. एक पाय नसेल तर एका पायडलवर सायकल चालते. सी-१ ते सी-५ असे त्याचे पाच वर्ग आहेत, आणि अंक जितका लहान तितके वैगुण्य मोठे. दुसरा ‘टी’, म्हणजे तीनचाकी. मेंदूच्या विकारामुळे ज्यांचा तोल राहत नाही त्यांच्यासाठी ही असते आणि तिचे दोन वर्ग आहेत. तिसरा ‘एच’, म्हणजे हातांनी फिरवायची सायकल. एच-१ ते एच-४ या वर्गांत खेळाडू पाठीवर जवळजवळ आडवा होऊन ती चालवतो. एच-५ मध्ये गुडघ्यांवर बसून, धडाचा जोर लावून चालवतो. चौथा ‘बी’, म्हणजे दोघांची जोडसायकल. तिला टँडेम म्हणतात. पुढे डोळस माणूस बसतो, त्याला पायलट म्हणतात. मागे दृष्टिहीन खेळाडू बसतो. दोघांचे पाय एकाच लयीत चालावे लागतात. जिंकले तर पदक दोघांनाही मिळते.

आता या खेळावर सत्ता कोणाची, हा प्रश्न. त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो समजला नाही तर पुढचे काहीच समजणार नाही.

अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत सायकल प्रथम आली ती १९८४ साली, आणि तीही केवळ मेंदूच्या पक्षाघाताने पीडित खेळाडूंसाठी. पुढे दृष्टिहीन आणि अवयव गमावलेले खेळाडू आले. १९९६ साली अटलांटा येथे बंदिस्त ट्रॅकवरील शर्यती सुरू झाल्या. २००४ साली अथेन्स येथे हातांनी चालवायच्या सायकलींना पदकांच्या यादीत स्थान मिळाले. दरम्यान १९८९ साली आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समिती स्थापन झाली होती. तिचे कार्यालय जर्मनीत बॉन येथे आहे. सायकलच्या या शाखेचा कारभार बरीच वर्षे तीच पाहत असे.

मग २००७ साली मोठा बदल झाला. पॅरालिम्पिक समितीने हा कारभार जागतिक सायकल संघटनेच्या हाती सोपवला. यूसीआय नावाने ओळखली जाणारी ही संघटना १९०० साली पॅरिसमध्ये स्थापन झाली. आज तिचे ठाणे स्वित्झर्लंडमधील एगल या गावी आहे. फ्रान्सची प्रसिद्ध टूर जिच्या नियमांखाली धावते, तीच ही संघटना. म्हणजे अपंगांची सायकल अपंगांच्या घरातून निघाली आणि सायकलच्या घरात आली.

हे चांगले झाले की वाईट? मित्रहो, प्रामाणिक उत्तर असे की दोन्ही झाले. चांगले असे की अपंग सायकलपटूला प्रथमच पूर्ण सायकलपटू म्हणून ओळख मिळाली. जगज्जेत्याला जी इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी मिळते, तीच त्यालाही मिळू लागली. २०२३ साली ग्लासगो येथे सायकलच्या सर्व शाखांची जागतिक स्पर्धा एकाच वेळी भरली, तीत अपंगांच्या शर्यतीही होत्या. २०२४ साली झ्यूरिकमध्येही अपंगांच्या आणि इतरांच्या रस्त्यावरील शर्यती एकाच सोहळ्यात झाल्या. प्रेक्षक तेच, पंच तेच, रस्ता तोच. ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरी बाजू अशी की घर बदलले की घराचे नियमही बदलतात. जुन्या व्यवस्थेत अवयवांचे वैगुण्य असलेल्यांचे वेगळे वर्ग होते आणि मेंदूच्या पक्षाघाताचे वेगळे. २००८ च्या बीजिंग स्पर्धेपर्यंत ते चालले. नंतर ती सारी वर्गवारी मोडून मघाशी सांगितलेले सी, टी, एच आणि बी असे चार विभाग करण्यात आले. २०१२ साली लंडनमध्ये खेळाडू उतरले ते या नव्या वर्गांत. यामागे विचार होता. रोगाचे नाव काय, यापेक्षा सायकल चालवताना अडचण किती येते, हे पाहावे असा तो विचार. विचार योग्य. पण ज्याने चार वर्षे एका वर्गात घाम गाळला, त्याला एके दिवशी कळते की आपला वर्गच राहिला नाही आणि आता आपल्यासमोर वेगळेच प्रतिस्पर्धी उभे आहेत. सायकल तीच, पाय तोच, मेहनत तीच. बदलला तो फक्त कागद.

आणखी एक उदाहरण घ्या. प्रत्येक वर्गाची वेगळी शर्यत ठेवण्याइतके खेळाडू नसतात, म्हणून दोन-तीन वर्ग एकत्र करतात. अशा काही शर्यतींत प्रत्येकाच्या वेळेला त्याच्या वर्गाप्रमाणे गुणक लावून निकाल काढतात. म्हणजे डोळ्यांना जो पहिला दिसतो तो पहिला येईलच असे नाही. २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत या खेळाची एकूण ५१ सुवर्णपदके होती, १७ ट्रॅकवरची आणि ३४ रस्त्यावरची. कोणत्या वर्गाला स्वतंत्र शर्यत मिळणार आणि कोणता दुसऱ्यात मिसळणार, हे बंद खोलीतील बैठकीत ठरते. त्या एका ओळीवर एखाद्या मुलीची चार वर्षे अवलंबून असतात.

वर्गीकरण इतके काटेकोर का, असे कोणी विचारील. त्यालाही कारण घडले आहे. २००० साली सिडनी येथे बौद्धिक अपंगत्वाच्या गटात स्पेनच्या बास्केटबॉल संघाने सुवर्णपदक जिंकले. नंतर उघड झाले की त्यांच्या बारा खेळाडूंपैकी दहाजणांना कसलेही बौद्धिक अपंगत्व नव्हते. पदक परत घेतले गेले, पण शिक्षा मात्र निरपराधांना झाली. बौद्धिक अपंगत्वाचा तो संपूर्ण गटच पुढील दोन स्पर्धांतून वगळला गेला. म्हणून तपासणी कडक असावी, यात वाद नाही. वाद असेल तर एवढाच की त्या कडक तपासणीपुढे उभे राहणाऱ्या खेड्यातील मुलाजवळ कोणी जाणकार माणूस असतो की नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. या बाबतीत महाराष्ट्राने मान उंच करावी असे एक नाव आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात ते सैनिक म्हणून गंभीर जखमी झाले. १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडलबर्ग येथे पोहण्याच्या ५० मीटर शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. भारतासाठी वैयक्तिक सुवर्णपदक जिंकणारे ते पहिले पॅरालिम्पिक खेळाडू. त्या वेळी आजची भारतीय पॅरालिम्पिक समिती जन्मालाही आली नव्हती. तिचा प्रारंभ १९९२ सालचा. समिती नव्हती, पण पाठीशी उभी राहणारी माणसे होती. प्रसिद्ध क्रिकेटपटू विजय मर्चंट ज्या सेवाभावी संस्थेचे काम पाहत, तिने या खेळाडूंच्या प्रवासाला हातभार लावला. पेटकरांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनी. यातून काय शिकायचे? समिती असो वा नसो, खेळाडूच्या पाठीशी समाज हवाच.

समिती असूनही काय होते, तेही ऐका. २०१५ साली अंतर्गत भांडणे आणि गैरव्यवस्था यांमुळे आंतरराष्ट्रीय समितीने भारतीय पॅरालिम्पिक समितीला निलंबित केले. पदाधिकारी भांडले आणि टांगणीला लागले खेळाडू. सुदैवाने २०१६ च्या रिओ स्पर्धेपूर्वी मार्ग निघाला. आपले खेळाडू तिरंग्याखाली उतरले आणि दोन सुवर्णांसह चार पदके घेऊन आले. परंतु ज्या मुलाची उमेदीची वर्षे त्या भांडणात सापडली, त्याला ती कोण परत देणार?

सायकलच्या खेळात तर भारताला आणखी वाट पाहावी लागली. हैदराबादचे आदित्य मेहता यांनी अपघातात पाय गमावला. त्यानंतर ते सायकलीवर बसले आणि २०१३ च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी दोन रौप्यपदके मिळवली. पुढे त्यांनी दिव्यांग खेळाडूंना साधने व शिक्षण देणारी संस्थाच काढली. पॅरालिम्पिकमध्ये मात्र भारताचे सायकलपटू प्रथम उतरले ते २०२४ साली, पॅरिस येथे. ते दोघे होते. एक आपल्या महाराष्ट्राची, भंडारा जिल्ह्यातील ज्योती गडेरिया. दुसरे आंध्र प्रदेशातील अर्शद शेख. दोघांनीही अपघातात पाय गमावला आहे, दोघेही सी-२ वर्गातील. त्या वर्षी भारताने एकूण २९ पदके जिंकली, ती आपला आजवरचा उच्चांक ठरली. या दोघांच्या वाट्याला पदक आले नाही. पण जिथे आपल्या देशाचे चाक कधी फिरले नव्हते तिथे ते त्यांनी फिरवले. विदर्भातील एका खेड्यातील मुलगी आणि आंध्रातला शेख घराण्यातला एक तरुण एकाच संघात, एकाच झेंड्याखाली. विद्यार्थ्यांनो, ही दोन नावे आपल्या वहीत लिहून ठेवा.

पॅरिसपर्यंतची वाट किती दारांतून जाते, ते आता सांगतो, कारण पालकांनी समजून घ्यावे असे मुख्य तेच आहे. जागतिक शर्यतीत उतरायचे तर सायकल संघटनेचा परवाना लागतो, आणि तो देशाच्या सायकल महासंघामार्फत मिळतो. पॅरालिम्पिकला जायचे तर नाव पाठवते ती पॅरालिम्पिक समिती. म्हणजे दोन दारे, दोन कचेऱ्या. तेथील जागाही खेळाडूला नव्हे, देशाला मिळते. आणि त्या जागांचा मोठा भाग देशाच्या खेळाडूंनी वर्षभराच्या शर्यतींत मिळवलेल्या गुणांवर ठरतो. श्रीमंत देशाचा खेळाडू वर्षातून अनेक शर्यतींना जातो आणि गुण गोळा करतो. आपला मुलगा तिकिटाच्या पैशांसाठी हिंडतो. नियम सर्वांना सारखा, पण त्याचे ओझे सारखे नाही. या विषमतेविषयी बोलले पाहिजे, आणि बोलण्यासाठी ती आधी समजली पाहिजे.

देशातल्या स्पर्धांचे पाहा. २०२३ च्या डिसेंबरात दिल्लीत खेलो इंडिया पॅरा स्पर्धा प्रथमच भरल्या. सात खेळ होते. सायकल त्यांत नव्हती. म्हणजे सायकलवर बसणाऱ्या दिव्यांग मुलाला आपली ताकद दाखवायला ते मोठे अंगण मोकळे नव्हते.

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. या कायद्याने क्रीडा महासंघांना मान्यता देण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ, तंटे सोडवण्यासाठी न्यायाधिकरण आणि निवडणुकांवर देखरेख करण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा यांची तरतूद केली आहे. पॅरालिम्पिक समितीही त्याच्या कक्षेत येते. कार्यकारी समितीत जास्तीत जास्त पंधरा सदस्य असावेत, त्यांत किमान चार महिला असाव्यात, नामवंत खेळाडूंना स्थान असावे, खेळाडूंची स्वतंत्र समिती असावी, तक्रारींची दाद लागण्याची सोय असावी, महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षिततेचे धोरण असावे, अशा गोष्टी त्यात आहेत. कायदा कागदावर उतरला की दुसऱ्या दिवशी सगळे बदलते, असे मी म्हणणार नाही. पण पूर्वी जिथे दार ठोठावायचे ठाऊक नव्हते, तिथे आता दारावर पाटी लागते आहे. पाटी वाचणारा मात्र हवा.

सुरक्षिततेचा मुद्दा मी मुद्दाम काढला. २०२२ साली परदेशातील सराव शिबिरात असताना एका भारतीय महिला सायकलपटूने आपल्या प्रशिक्षकाविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार केली. ती तक्रार ऐकली गेली, तिला परत आणण्यात आले आणि प्रशिक्षकाला दूर केले गेले. मुलीला खेळायला पाठवताना आई-वडिलांच्या मनात जी भीती असते ती खोटी नसते. परंतु त्या भीतीचे उत्तर मुलीला घरात बसवणे हे नव्हे. तक्रार कोठे करायची, कोणाकडे करायची, हे तिला आणि आपल्याला ठाऊक असणे, हे त्याचे उत्तर आहे. खेळातील धोकाही खराच असतो. २०१६ साली रिओ येथे रस्त्यावरील शर्यतीत इराणचे सायकलपटू बहमन गोलबार्नेझाद उतारावर पडून मृत्यू पावले. म्हणून हेल्मेट, विमा, रस्त्याची पाहणी आणि जवळ डॉक्टर असणे, या गोष्टी मागितल्या पाहिजेत. मागायला संकोच कसला?

आता पालकहो, आपण काय करावे ते सांगतो.

पहिली गोष्ट, मूल लपवू नका. अपंग मुलाला पाहुण्यांसमोर न आणणारी घरे आजही आहेत, ती सर्वच समाजांत आहेत. त्यामागे दुष्टपणा नसतो, लोक काय म्हणतील ही धास्ती असते. लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. मुलाचे आयुष्य मात्र घराच्या उंबरठ्याच्या आत संपेल.

दुसरी गोष्ट, कागद. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. ज्यांचे अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक आहे त्यांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आणि उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखीव आहेत. यासाठी सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लागते. ते काढा, आजच काढा. मात्र हे लक्षात ठेवा की हे प्रमाणपत्र वेगळे आणि खेळाचे वर्गीकरण वेगळे. सरकारी टक्केवारीवर सायकलचा वर्ग ठरत नाही. कायद्यातील एकवीस प्रकारांपैकी सर्वच या खेळात बसत नाहीत. बहिऱ्या खेळाडूंसाठी वेगळी जागतिक स्पर्धा आहे; ती १९२४ साली पॅरिसमध्ये सुरू झाली आणि सायकल तिच्यात पहिल्यापासून आहे. तेव्हा आपल्या मुलाचे घर कोणते, हे आधी नीट विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट, एक फाईल ठेवा. अपघाताचे किंवा जन्माचे कागद, शस्त्रक्रियेची कागदपत्रे, एक्स-रे, डॉक्टरांचे अहवाल, घेत असलेल्या औषधांची यादी. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणासाठी इंग्रजीत वैद्यकीय अहवाल द्यावा लागतो. औषधांची यादी अशासाठी की काही साधी वाटणारी औषधे उत्तेजक द्रव्यांच्या यादीत असतात. खरोखर गरज असेल तर ती घेण्याची आगाऊ परवानगी मिळते, पण ती मागावी लागते. न मागता घेतले तर निष्पाप मुलावर बंदी येते.

चौथी गोष्ट, प्रमाणपत्राच्या मोहात पडू नका. ‘राष्ट्रीय’, ‘अखिल भारतीय’ अशी भारदस्त नावे लावून, फी घेऊन स्पर्धा भरवणाऱ्या संघटना पुष्कळ असतात. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते. संघटनेला मान्यता नसेल तर ते प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापुरते उरते. मान्यताही कायमची नसते. ती दिली जाते, तशी काढलीही जाते. म्हणून फी भरण्यापूर्वी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कचेरीत जाऊन विचारा. आजची मान्यता आहे का, एवढाच प्रश्न विचारायचा आहे.

विद्यार्थी मित्रहो, आता तुमच्याकडे वळतो. तुमच्यापैकी पुष्कळजण इंग्रजी वाचू शकता, आणि तुमच्या घरी कदाचित ते वाचणारे तुम्ही पहिलेच असाल. जागतिक संघटनेचे नियम इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये निघतात. वर्गीकरणाची जी नवी संहिता पॅरालिम्पिक समितीने केली, ती १ जानेवारी २०२५ पासून लागू झाली. तुमच्या तालुक्यातल्या किती दिव्यांग मुलांना ती मराठीतून किंवा उर्दूतून कोणी समजावून सांगितली असेल? हे काम चार हुशार विद्यार्थी एका सुट्टीत करू शकतात. नियम बदलला की एका कागदावर तीन गोष्टी लिहा: काय बदलले, कोणाला लागू, आणि अर्जाची शेवटची तारीख कोणती. यासाठी पैसा लागत नाही.

ज्यांच्या पायांत जोर आहे आणि मनात हौस आहे, त्यांनी पायलट व्हावे. दृष्टिहीन मुलाच्या पुढे बसणारा डोळस जोडीदार मिळाला नाही, तर तो मुलगा कितीही बलवान असला तरी शर्यतीत उतरू शकत नाही. हे दान नव्हे, दया नव्हे. हा भागीदारीचा खेळ आहे. पुढच्याने वळण आले की सांगायचे, चढ आला की सांगायचे, आणि मागच्याने विश्वासाने पाय मारायचे.

आणखी एक गोष्ट अभिमानाने सांगतो. आपल्या राज्यातील कित्येक गावांत सायकल दुरुस्तीचे दुकान आपल्यातल्याच कोणा चाचांचे असते. भाड्याने सायकल देणारे, पंक्चर काढणारे, रिमचा आऊट काढणारे, आरे आवळणारे, तुटलेली फ्रेम वेल्डिंग करून जोडणारे हे हात. या हुन्नराला कोणी शिक्षण म्हटले नाही, पण ते शिक्षणच आहे. परदेशी हँडसायकल फार महाग येते आणि तिचा एखादा भाग मोडला की इथे मिळत नाही. सराव करणाऱ्या मुलाची सीट त्याच्या अंगाला बेतून बसवणे, एका पायडलची सायकल तयार करणे, ब्रेक एका बाजूला आणणे, हे आपले मिस्त्री करू शकतात. शर्यतीच्या सायकलीची मापे नियमात ठरलेली असतात. ती मापे इंग्रजीत असतात आणि हुन्नर चाचांच्या हातात. या दोहोंची गाठ कोण घालणार? चाचांचा मुलगा, जो आपल्या शाळेत शिकतो.

शेवटी संस्थेला एक विनंती. आपल्याकडे शिष्यवृत्तीचा निधी आहे, ग्रंथालय आहे, निवृत्त शिक्षक आणि वकील मंडळी आहेत. एका शिक्षकावर दिव्यांग खेळाडूंच्या कागदपत्रांची जबाबदारी सोपवावी. महिन्यातून एक रविवार त्यासाठी ठेवावा. धर्म, जात, मोहल्ला न विचारता तालुक्यातील कोणत्याही मुलाला तेथे यायला मोकळीक असावी. वर्गीकरणाविरुद्ध हरकत घेण्याची मुदत फार थोडी असते. ती घेण्यासाठी एक वकील दूरध्वनीवर मिळावा. आणि मुलगा खेळात कितीही पुढे गेला तरी त्याची शाळा सुटू देऊ नये. नियम उद्या पुन्हा बदलतील, वर्ग मिसळतील, मान्यता जातील आणि येतील. जो शिकलेला आहे तो तेव्हाही आपला मार्ग काढील. ज्याच्याजवळ फक्त सायकल होती, तो रस्त्याच्या कडेला उभा राहील.

समित्या खेळाडूंसाठी असतात, खेळाडू समित्यांसाठी नसतात, हे सगळेच मान्य करतात. पण मान्य करणे वेगळे आणि मागणे वेगळे. मागण्यासाठी नियम ठाऊक हवा, भाषा हवी आणि मागे चार माणसे हवीत. दिव्यांग मुलाला सहानुभूती पुष्कळ मिळते, ही चार माणसे मिळत नाहीत. आज या सभागृहातून जाताना प्रत्येक पालकाने आणि विद्यार्थ्याने आपल्या गल्लीतले असे एक मूल आठवावे, त्याच्या घरी जावे आणि विचारावे, ‘बाळा, तुझे कागद कोठे आहेत? चल, आपण वाचू.’